उलटे आटे

रणछोडभाई पान्हा डावीकडे फिरवतो
आणि जोडणी घट्ट बसते.
नवा पोरगा असता तर सोडवतोय असं वाटून
त्याने आवळून ठेवली असती.
लाल सिलिंडर. हायड्रोजन. याचे आटे उलटे असतात,
भलती नळी चुकून लागू नये म्हणून.

मी स्टोअरकीपर. कलाभवनाच्या तळमजल्यावर एकतीस वर्षं.
घरी मराठी, रजिस्टरात इंग्रजी, भांडण झालंच तर गुजराती.
प्लॅटिनम माझ्या कुलपात असतं:
काजळासारखी काळी पूड, दोन ग्रॅम,
दागिना म्हणून दाखवली तर सोनार हाकलून देईल.
यामिनी घोरपडे सही करून नेते, पन्नास मिलिग्रॅम,
आणि श्वास रोखून चालते जिन्यावर.

दिल्लीत मिशन जाहीर झालं तेव्हा
किनखाबवाला सरांनी पेढे वाटले होते.
आकडा एवढा मोठा की पेपरात शून्यं मोजायला
मी चष्मा पुसला.
आमच्या वाट्याला तीन हप्ते.
पहिल्यात टेबल आणि गळती हुंगणारं यंत्र आलं,
दुसऱ्यात यामिनी आली.
तिसऱ्यासाठी खर्चाचा दाखला आधी हवा,
आणि खर्चासाठी तिसरा हप्ता.
मी रणछोडभाईला म्हटलं, इथेही आटे उलटेच.
तो हसला नाही. त्याचाही पगार त्याच खात्यातून.

आठ महिने तिची फेलोशिप आली नाही.
दांडिया बाजारातल्या खोलीचं भाडं
ती दहावीच्या शिकवण्या घेऊन भरायची,
आणि रोज सकाळी सातला येऊन
जुन्याच पडद्याला ओल द्यायची.
कोरडा पडला की मरतो म्हणे तो. पाच सेंटिमीटर बाय पाच,
खाकऱ्याहून पातळ.

गच्चीवरून रात्री कोयलीकडची ज्योत दिसते.
तिथे टनांनी बनतो हायड्रोजन, ती सांगायची,
पण तो करडा. आपल्याला हिरवा हवाय.
मी विचारलं, दिसतो कसा?
म्हणाली, दिसत नाही काका,
रंग फक्त फायलीत असतो.

हप्ता आला सत्तावीस मार्चला.
एकतीसच्या आत खर्च करा.
तीन कोटेशनं, एक रविवार,
आणि पडदा समुद्रापलीकडून, दहा आठवडे.
एक एप्रिलला पैसे परत गेले, व्याजासकट.
चलन मीच भरलं.
सही करताना पेन चालेना, झटकलं तर
शाईचा ठिपका शर्टावर. तो अजून आहे.

मग समिती आली. तिघंजण, एकाला डायबिटीस,
म्हणून जेवण वेळेवर.
यामिनीने जुनाच पडदा लावला.
मीटरवर शून्य पूर्णांक बासष्ट. एवढंच.
सकाळी दहाला बासष्ट, समिती गेली तेव्हा बासष्ट,
पाचला शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा
एकसष्ट झालं आणि ती रडली,
का ते मला विचारता आलं नाही.
नळीच्या टोकाखाली परीक्षानळी होती.
तिच्यात पाणी.

माझ्याकडे घेऊन आली. सात मिली.
काका, हे कशात लिहायचं?
खरेदी नाही. देणगी नाही.
मोडीत काढलेलं सामान तर नाहीच.
बिलाशिवाय वस्तू घ्यायची नाही हा नियम
मी पाच ऑडिटरांसमोर पाळला आहे.
पान उलटून उलटून शेवटी
नवं शीर्षक घातलं, मराठीत, का कोण जाणे:
झालेलं पाणी. नग एक. किंमत निरंक.

यामिनी आता पुण्याला असते, बॅटरीच्या कंपनीत.
समितीचं पत्र अजून नाही. येईलही.
सिलिंडरवर धूळ आहे, रणछोडभाई महिन्यातून एकदा
साबणाचा फेस लावून गळती बघतो.
परीक्षानळी प्लॅटिनमशेजारी, बूच लावून.

काल वार्षिक मोजणी होती.
सहा मिली आणि थोडं.
बूच चांगलं होतं, तपासलं.
घटीच्या रकान्यात आकडा लिहिला,
कारणाच्या रकान्यापाशी थांबलो,
आणि लिहिलं: हवा.